बोरिवलीची ऑर्डर
आज पार्सल फोडलं आणि सुक्या बोंबलांच्या वासासरशी वर्सोव्याच्या मावशीचा ओटा आठवला. तिच्या सुक्या मासळीची वेबसाइट मी बनवली होती. धंदा जोरात दिसावा म्हणून सगळे टाकतात तसं एक फुकटचं प्लगइन मीही टाकलं. दर थोड्या वेळाने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाटी यायची, ‘बोरिवलीच्या ग्राहकाने आत्ताच बोंबील घेतले.’ ग्राहक वगैरे कुणी नव्हतंच, प्लगइनच त्या पाट्या आपोआप दाखवायचं. दोन दिवसांनी तिच्याकडे गेले तर बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, ओट्यावर वर्तमानपत्राच्या पुड्यांची रास होती आणि मावशी मोबाइल डोळ्यांशी धरून बसली होती. ‘‘बरं झालं आलीस गो. पाटी आली की मी पुडी बांधते, पण ह्यो बोरिवलीवाला पत्ताच देत नाय. पहिलं गिऱ्हाईक, म्हणून वर मूठभर सुका जवळापण घातलाय.’’ मी खरं काय ते सांगितलं. तिनं मोबाइल ओट्यावर उपडा ठेवला. ‘‘शिळी मासळी मी कधी ताजी म्हणून इकली नाय. आणि तू माझ्या नावावर खोटं बोललीस?’’ तिच्यासमोरच मी ते प्लगइन काढून टाकलं. ‘‘आता ह्या पुड्या कुणाच्या?’’ तिनं विचारलं. ‘‘माझ्या,’’ मी म्हटलं, ‘‘मी बोरिवलीलाच राहते, मावशी.’’ तेव्हा कुठे ती हसली. तेव्हापासून दर महिन्याला ऑर्डर करते. आजच्या पुडीतही वर मूठभर जवळा आहेच, न मागवलेला.