पुढ्यात टाकायचं न्हाय

काहीही उचलण्याआधी तो त्या वस्तूला हात लावायचा, तोच हात कपाळाला टेकवायचा आणि म्हणायचा, "बा, अप्पा." कानडीत याचा अर्थ, ये बाबा. मग ते ज्वारीचं पोतं असो, पाण्याची घागर असो, नाहीतर कुणाचं रडकं पोर. एकदा माझी शिलाई मशीन हलवायची होती, तर तिलाही "बा, अप्पा". मी म्हणालो, "अरं, मशीन ती. तिला काय कळतंय?" तर हसून म्हणाला, "कळो न्हायतर न कळो मामा, इचारल्याबिगर कुनाला उचलू नये."

उमरग्याच्या आडत बाजारात तो हमाली करायचा आणि माझं शिंप्याचं दुकान समोरच. त्यामुळे दिवसभर तो माझ्या डोळ्यांसमोर. गावात त्याला सगळे गुंडूवाला म्हणत. गुंडू म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा गोल दगड. झिजून झिजून असा गुळगुळीत झालेला, की बोट अडकवायला जागा नाही. नागपंचमीला गावोगावचे गडी तो उचलायला यायचे आणि बहुतेक जण कंबर धरून घरी जायचे.

आमचा गडी देवाकडं तोंड करून बसायचा. दगड आधी मांडीवर, मग छातीवर, मग खांद्यावर. तिथं घटकाभर थांबून तो दगड न बघता पाठीमागं सोडून द्यायचा. जमीन हादरायची. पाठीमागंच टाकायचा, कारण ओझं देवाच्या पुढ्यात आपटायचं नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत. कुणी दमून पुढं टाकला तर तो उचललाच नाही असं धरत, वर पोरंटोरं हसत ते निराळंच.

खोटं नाही सांगत, दगड त्याच्या खांद्यावर चढताना मी श्वास घ्यायचा विसरायचो. माणसाच्या अंगात एवढं बळ असतं, आणि ते रोज माझ्या समोर बसून भाकरी खातं, याचंच मला नवल वाटायचं. निजामाचं राज्य होतं. चार माणसं जमली की शिपाई हटकायचा, "क्यों खड़े हो?" पण त्या दिवशी शिपाईच पहिल्या रांगेत! एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवायला कुरकुरणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असायची. तुम्हीच सांगा, कुठल्या सभेत हे घडलं असतं?

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपल्यावर हैदराबादेकडचे एक तहसीलदार बदलून आले. खेळाचे भलते शौकीन. त्यांनी नागपंचमीला याला पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावलं. गड्यानं माझी बाही जी धरली ती सोडेचना. माझं शिक्षण उर्दूत झालेलं, म्हणून मीही गेलो.

"पहलवान, दुनिया देखोगे?" साहेबांनी विचारलं. मग त्यांनी समजावलं. लढाईमुळं बंद पडलेले जगाचे खेळ आता विलायतेत पुन्हा भरणार, देशोदेशीचे गडी येणार, आणि त्यात वजन उचलायची शर्यत असते. हैदराबादेत निवड आहे. तिथं निघालास तर पुढची निवड, आणि तिथंही निघालास तर थेट बोटीनं विलायत.

मी त्याला सगळं मराठीत सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "समिंदराच्या पल्याडचा गडी कसा दम धरतो, ते येकदा बघायचंय मामा." त्याला काही हवंय असं मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचेना.

मग काय, गावाला याड लागलं. कुणी दूध धाडलं, कुणी लोणी, अत्तारानं बदाम दिले. माझ्या वाट्याला पोशाख आला. साहेबांचं म्हणणं, लंगोट चालणार नाही, अंगाला बसणारी चड्डी पाहिजे. मी शिवली. तो दुकानातच खाली बसला आणि शिवण टरकन उसवली. दोनदा शिवली, दोनदा उसवली. शेवटी मी ढोपरापर्यंत अशी घोळदार शिवली, की तिच्यात दोन माणसं मावली असती.

बैलगाडीच्या कण्याला दोन्हीकडं दगड बांधून सराव झाला. डोक्यावर धरायचं, इशारा होईपर्यंत हलायचं नाही, हे साहेबांनी शिकवलं. उचलायचं कसं हे सगळ्या गावानं शिकवलं. ठेवायचं कसं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

हैदराबादेच्या मैदानात लोखंडाची कांब होती, दोन टोकांना चकत्या. समोर खुर्च्यांवर पंच, आणि मधोमध पांढऱ्या दाढीचे एक बुजुर्ग. बाकीच्या गड्यांनी ज्या वजनापुढं हात टेकले, ते आमच्या गड्यानं मागितलं. "बा, अप्पा," म्हणाला आणि कांब डोक्यावर. बुजुर्गांनी इशारा केला. यानं कांब दिली पाठीमागं टाकून! दणका असा झाला, की मागं उभी असलेली माणसं दाही दिशांना पळाली.

"बाद," पंच म्हणाले. वजन पुढं ठेवायचं, असा कायदा. मी त्याला सांगितलं, त्यानं मान डोलावली, पुन्हा उचललं, पुन्हा पाठीमागं. आता एकच खेप उरली. मी ओरडलो, "अरं, विलायत चालली की हातची! पुढं ठेव रं बाबा, पुढं!"

तिसऱ्या खेपेलाही कांब डोक्यावर गेली. इशारा झाला. त्यानं ती हळूहळू छातीपर्यंत खाली आणली. माझा जीव भांड्यात पडला. आता वाकला की झालं! पण तो वाकेना. त्याची नजर त्या बुजुर्गांच्या पायांवर खिळली होती. मानेच्या शिरा तटतटल्या. आणि तुम्हाला पटणार नाही, पण त्यानं ती कांब छातीवरून पुन्हा डोक्यावर नेली आणि पाठीमागं सोडून दिली.

बसलेले सगळे गडी उठून उभे राहिले. दुसऱ्या कुणाला एकदाही जमलं नव्हतं, ते यानं एका खेपेत दोनदा केलं होतं. आणि तरी बाद.

मी कपाळावर हात मारला. "अरं काय केलंस हे?"

तो धापा टाकत म्हणाला, "म्हातारं मानूस बसलंय म्होरं. त्येंच्या पायाम्होरं लोखंड आपटू व्हय?"

तो काय म्हणतो, असं बुजुर्गांनी विचारलं. मी सांगितलं. ते खुर्चीवरून उठले, त्याच्यापाशी आले, स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "क़ायदा मेरे बस में नहीं, पहलवान." त्यांचे डोळे भरून आले होते. नाव मात्र दुसऱ्याच गड्याचं पुकारलं गेलं, आणि ते कायद्यानं बरोबरच होतं. परतीच्या मोटारीत मी झहीराबादपर्यंत बडबडत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "बघायचं ऱ्हायलं मामा."

पुढं रझाकारांच्या धामधुमीत आमच्यासारख्या कैक जणांनी सोलापूर गाठलं. मी एका ओसरीवर मशीन मांडली, तो कापसाच्या गाठी उचलायला लागला. तिथूनच तो कामाच्या शोधात मुंबईकडं गेला, तो परत आला नाही. कुठं राहिला, कसा राहिला, कुणाला ठाऊक नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी ओसरीवर येऊन बसला होता. विलायतेतले खेळ तेव्हा नुकतेच आटोपले होते. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवलं. कोण पहिला आला, त्यानं केवढं वजन उचललं, लोकांनी कशा टाळ्या वाजवल्या.

तो डोळे मोठे करून ऐकत होता. "लई दमाचा गडी," म्हणाला. मग विचारलं, "खाली कसं ठिवलं त्येनं?"

"ते नाही लिहिलेलं. कायद्यानं पुढंच ठेवलं असणार."

"म्होरं कोन बसलं हुतं?"

"कोण बसणार? मोठी माणसं, पांढऱ्या केसांची."

तो आपले दोन्ही पंजे मांडीवर उघडून बघत राहिला. मग म्हणाला, "लई जड गेलं आसंल बिचाऱ्याला."