गुंड, दुपट्टा आणि पवनीचा घाट

खरं तर हे कुणाला सांगायचं नव्हतं. पण अख्ख्या अड्याळला माहीत झालंय, मग तुमच्यापासून काय लपवू? चहा घ्या, आणि हसू आलं तर मोकळेपणाने हसा.

आधी एक कबुली. मोटारसायकलवर सामान बांधायला मला येत नाही. बावीस वर्षं आम्ही दोघं गाडीवर फिरलो. नवेगाव, रामटेक, पार चिखलदऱ्यापर्यंत. पण सामान मी कधी बांधलंच नाही. सुमन मागे बसायची. एक पिशवी मांडीवर, एक दोघांच्या मध्ये, एक खांद्याला. स्पीडब्रेकर आला की मी म्हणायचो, "धरून बस." ती धरून बसायची. संपला विषय!

सुमन गेली त्याला दीड वर्ष झालं. गाडी तेव्हापासून उभीच होती.

या वैशाखात तिच्या बहिणीच्या मुलीचं, रोशनीचं, लग्न निघालं. आसगावला. रोशनी शाळेत असतानाच सुमनने भंडाऱ्याच्या बाजारातून पाणी भरायचा पितळी गुंड घेऊन ठेवला होता. "तुझ्या लग्नात माझ्याकडून," असं कबूलही केलं होतं. मेहुणीचा फोन आला, "भाऊजी, हळद पाच वाजता आहे. त्याच्या आधी ताईचा गुंड मांडवात पाहिजे. नाही तर मी पाटावर बसतच नाही, म्हणते पोरगी."

मी ठरवलं, गाडीनेच जायचं. गुंड पोहोचवायचा, लग्न आटोपायचं आणि पुढे चार दिवस एकट्याने फिरून यायचं.

आता गुंड बांधणं म्हणजे काय, ते ऐका. बूड गोल, पोट गोल, धरायला कुठे कोपरा नाही. दोन रात्री मी मोबाइलवर लडाखला जाणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहिले. त्यांच्याकडे तंबू असतात, पेट्या असतात. गुंड एकाकडेही नव्हता!

शेवटी मागच्या सीटवर जुन्या चादरीची चुंबळ ठेवली, तिच्यावर गुंड बसवला आणि हुकांच्या इलॅस्टिक दोऱ्या उभ्या-आडव्या ताणल्या. शेजारच्या शेंडेवहिनी म्हणाल्या, "भाऊजी, रिकामं भांडं देतात का कोणी?" त्यांनी आत रव्याचे लाडू भरले. ओरखडे पडू नयेत आणि धूळ जाऊ नये म्हणून मी गुंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळला, तोंड सुतळीने आवळलं. पांढरे दुपट्टे घरात ढीगभर पडले होते. सुमनच्या तेरवीला पाहुण्यांनी आणलेले. दीड वर्षानंतर गाडी निघते आहे म्हणून वहिनींनी झेंडूचा हार आणला. हँडलला तो मीटरसमोर लोंबायला लागला, म्हणून काढून मी गुंडाच्या गळ्यात घातला.

अंगात पांढरा कुर्ता-पायजमा, लग्नासाठी खास. डोक्यावरचे केस जाऊन दहा वर्षं झाली आहेत.

तुमच्या डोळ्यांसमोर चित्र आलं का? माझ्या नाही आलं. ते सगळं माझ्या पाठीमागे होतं ना!

घरून निघून भंडारा सोडलं आणि मला वाटायला लागलं, जग किती चांगलं आहे. मी तीसच्या वर जात नव्हतो, दर दोन मिनिटांनी एक हात मागे नेऊन गुंड चाचपत होतो, तरी एकानेही हॉर्न वाजवला नाही. ट्रॅक्टरवाल्याने बाजू दिली. एसटीच्या खिडकीतून एका बाईने हात जोडले. मीही मान लववली. ओळखीची असेल!

अड्याळपर्यंत इलॅस्टिक सैल पडलं आणि गुंड डावीकडे कलला. चहाच्या टपरीपाशी थांबलो, हेल्मेट काढलं, हुक सोडले आणि गुंड खाली ठेवायला वाकलो.

"अजी काकाजी! खाली नका ठेवू!" बाकावर बसलेला, माझ्याच वयाचा एक माणूस धावत आला. "भुईवर ठेवत नसतात. झाडाले टांगा."

त्याने चपला काढल्या, गुंड दोन्ही हातांनी घेतला आणि गळ्याला दोरी बांधून कडुनिंबाच्या फांदीला लटकवला. मला फार कौतुक वाटलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं, "मुंग्या लागतात."

त्याने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. बळीराम त्याचं नाव. चहा हातात देऊन त्याने हळूच विचारलं, "घरचं कोन गेलं, काकाजी?"

याला कसं कळलं? मला वाटलं, दिसत असेल चेहऱ्यावर. म्हटलं, "बायको."

"अरेरे! कवा?"

"दीड वर्ष झालं."

"दीड वर्ष!" त्याचा कप ओठाशीच थांबला. त्याने फांदीकडे पाहिलं. "मंग हे... आतापर्यंत घरीच होतं?"

"हो. कपाटात."

"कपाटात!"

"कागदात गुंडाळून. नाही तर काळं पडतं. तिचीच इच्छा होती, म्हटलं आज पोहोचवून टाकू. पाचच्या आत पोहोचायला हवं."

"हो जी," बळीरामने डोळे पुसले, "मानसाची इच्छा राहू नये. पन एकटेच काहून चालले? पोरगं?"

"बंगलोरला असतो. सुट्टी नाही मिळाली."

"सुट्टी नाही भेटली!" बळीराम टपरीवाल्याकडे वळला. "पाह्य रे बाबा, काय दिवस आले! काकाजी, तुमी एकटे नाही जायचं. पवनीपर्यंत मी येतो."

गुंड त्याने स्वतः बांधला. ट्यूबचे रबरी पट्टे आणून असा आवळला की गाडीचाच भाग वाटावा. मी किक मारली आणि सवयीने तोंडातून गेलं, "धरून बस हं."

मागे पाहिलं तर टपरीवरचे सगळे उभे राहिले होते. टपरीवाल्याने टोपी काढली होती.

बळीराम त्याच्या गाडीवर पुढे, मी मागे. तो मधूनमधून फोनवर बोलत होता. पवनीत शिरल्यावर त्याने आसगावचा रस्ता सोडला आणि तो डावीकडे गल्लीत वळला. जवळचा रस्ता असेल, असं समजून मीही वळलो.

गल्ली संपली आणि समोर नदी आली. वैनगंगेचा घाट.

इथे मी काही बोलायला हवं होतं, कबूल आहे. पण दीड वर्षापूर्वी मी याच पायऱ्या उतरलो होतो. तिथून नदी पुन्हा दिसली. मी हेल्मेट काढून नुसता उभा राहिलो.

माझं उभं राहणं बघून बळीराम अजूनच हळवा झाला. त्याने पट्टे सोडले. भटजी वाट बघतच होते, फोन त्यांनाच गेला होता. एक न्हावी वस्तरा घेऊन बसला होता. माझ्या डोक्याकडे पाहून त्याने तो मुकाट्याने परत ठेवला. भटजी गुंड घेऊन गुडघाभर पाण्यात उतरले, सुतळी सोडली आणि म्हणाले, "चला काका, हात लावा. नाव घ्या."

"अहो, थांबा!" माझा आवाज एकदम फुटला. "रोशनी पाटावर बसणार नाही!"

भटजी दचकले, गुंड कलला. दुपट्ट्यातून एक लाडू निघाला, पायरीवर आपटला, टुणटुणत बळीरामच्या पायाशी येऊन थांबला.



बळीरामने लाडू उचलला. वास घेतला. "काकाजी, हे काय होय?"

"रव्याचा लाडू. भाचीच्या लग्नाचा."

"आन् मंग काकू?"

"तिला तर मी तेव्हाच आणलं होतं. इथेच."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग गुंडाकडे, हाराकडे, माझ्या कुर्त्याकडे. मीही त्याच्या नजरेमागून एकेक पाहत गेलो आणि पहिल्यांदाच मला ते सगळं एकत्र दिसलं. पाण्यात उभे असलेले भटजी आधी हसले. मग न्हावी. मग आम्ही दोघं. पायरीवर बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. कसलं पाणी, ते मी निवडत बसलो नाही.

प्रत्येकाला एकेक लाडू वाटला. भटजींनी दोन घेतले.

आसगावच्या मांडवात पावणेपाचला पोहोचलो. बळीरामही आला, आता तो मला एकट्याला सोडायला तयारच नव्हता. रोशनी पाटावर बसली. मेहुणी ट्यूबच्या पट्ट्यांची बांधणी बघून म्हणाली, "वा भाऊजी! कवापासून शिकले?" मी मान डोलावली. बळीराम खोकला.

पुढे चार दिवस फिरायचा बेत मात्र राहिला. लग्न आटोपून बळीरामबरोबरच परत निघालो, तर मेहुणीने एक मडकं पुढे केलं. तोंडाला लाल फडकं बांधलेलं. आत आंब्याचं लोणचं! मी तिथेच खडू मागितला आणि मडक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'लोणचं.' आता कोण फसतो, बघू!

अड्याळपर्यंत बळीराम त्याच्या गाडीवर माझ्या मागेच होता. गावाजवळ स्पीडब्रेकर आला. मी गाडी हळू केली आणि आपसूक म्हणालो, "धरून बस."

मागून बळीराम ओरडला, "काकाजी! लोणच्याले सांगून राहिले का जी?"