पाण्याखालचा बांध

मासे धरायला मला कुणी शिकवू नये, असं मी आजही छातीठोक म्हणतो. भंडाऱ्याकडच्या तलावाकाठी जन्मलो, पोहण्याआधी गळ टाकायला शिकलो. भिलाईला कारखान्याच्या बांधकामावर फिटर म्हणून लागलो तेव्हा सासऱ्यांना बिनधास्त लिहिलं, की इथं नवा तलाव झालाय, घरच्यासारखा रोहू मिळतो, काळजी नसावी.

हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि मूल पाच महिन्यांचं झालं तरी सासरे तिला पाठवत नव्हते. लाल धूळ, पत्र्याची खोली, कुणी कुणाचं नाही. अशा ठिकाणी पोरगी कशी पाठवू, असं त्यांचं म्हणणं. मला सुटी मिळत नव्हती. पोराचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, आणि त्याचा त्रास होत होता. त्यांचं उत्तर आलं: अमुक रविवारी दुपारी येतो, रोहू खाऊ घाला, मग बोलू.

महिना माघाचा. मासेमारीचे हे सुरुवातीचे दिवस फार फसवे. वर ऊन चटकतं, पण हातभर खाली पाणी गारच, आणि गारठलेला मासा तोंडाशी आलेलं गांडूळही घेत नाही. आमच्याकडे अशा वेळी काठच्या गवताशी बसतात. नऊ-दहानंतर तिथलं उथळ पाणी आधी तापतं आणि मासा उन्हाला येतो. मीही तसाच काठ धरला आणि लागोपाठ दोन रविवार हात हलवत परतलो. गळाच्या दोरीवरची मोरपिसाची काडी नुसती उभी, हलायचं नाव नाही.

सासरे येणार त्या सकाळी माझ्या टोळीतला एक खलाशी, म्हणजे अवजड लोखंड चढवणारा मजूर, सोबत आला. जवळपासच्याच गावचा, वयानं मोठा, दोन वर्षं माझ्याबरोबर लोखंड उचलणारा. थोडा वेळ त्यानं माझी गंमत पाहिली.

"एती नहीं भैया, ओती," तो म्हणाला आणि त्यानं तलावाच्या मध्यावर बोट दाखवलं. "ओ मोर खेत के मेड़ आय."

मेड़ म्हणजे बांध, आणि तो म्हणे त्याच्या शेताचा. तिथं तर पाण्याशिवाय काही दिसत नव्हतं! पण माझी चूक लगेच ध्यानात आली. आमचे तलाव पिढ्यान् पिढ्यांचे, त्यांचा काठ तोच खरा काठ. हे पाणी कालचं. खाली धानाची शेतं बांधांसकट जशीच्या तशी होती आणि मी मुरमाड काठावर जुनी विद्या पाजळत बसलो होतो.

तो धोतर खोचून पाण्यात उतरला आणि सरळ चालत गेला. खाली एकदाही पाहिलं नाही. मी मागोमाग. गुडघाभर कोमट पाण्यात आम्ही त्याच्या बांधावर उभे राहिलो, दोन्ही बाजूंना खोल आणि मऊ चिखल. डाव्या अंगाला गळ टाकला. जरा वेळानं काडी आडवी झाली आणि खाली गेली. दोन शेरांचा तरी रोहू असेल. मी आनंदानं ओरडलो.

दुपारी त्याला बळेच जेवायला बसवलं. माशाचं डोकं मानाच्या पाहुण्याला वाढायची आमची रीत. ते मी सासऱ्यांच्या ताटात वाढलं.

"कुठं गवसला?" त्यांनी विचारलं.

शेखी मिरवायची फार इच्छा होती, पण खलाशी समोर होता. खरं ते सांगितलं.

सासरे जन्माचे धानकरी. त्यांनी ते डोकं उचलून खलाशाच्या ताटात ठेवलं. "वावर तुमचं, मान तुमचा."

त्यानं सावकाश खाल्लं. "चार बछर होगे," तो म्हणाला, "अपन खेत के कुछु खाए." स्वतःच्या शेतातलं काही खाऊन त्याला चार वर्षं झाली होती.

दोन वर्षं त्याच्याबरोबर बिडी ओढली आणि त्याचं गाव कोणतं, हेही कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली.

हात धुतल्यावर सासरे माझ्याकडे वळले.

"पोरीले आठ दिवसांत आणून सोडतो, जवाईबापू. आन् लेकराचं उष्टावन याच्याच हातानं करजा."