डॅशबोर्डला काय लावता?

अशा गोष्टी मुद्दाम जमवाव्या लागत नाहीत. तेलकट पॉलिश मारलेल्या डॅशबोर्डवर धूळ बसते तशा त्या आपोआप बसतात, आणि पुसायला गेलं की आणखी पसरतात.

मी पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालो आणि दुसऱ्या दिवशी आष्ट्यात, सांगली रस्त्यावरच्या दिलीपच्या दुकानातल्या बाकावर रुजू झालो. इथेही काम नसतं, पण इथे ते लपवावं लागत नाही.

दिलीपचं दुकान गाड्यांच्या आतल्या सजावटीचं. सीट कव्हरं, पायाखालची मॅट, आरशाला टांगायच्या मिरच्या. आणि एका फळीवर डॅशबोर्डला, दाराच्या आतल्या रेक्झिनला, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना लावायच्या बाटल्या. आमच्याकडच्या उन्हात प्लॅस्टिक पांढरं पडतं, मग तडकतं. त्यावर हा इलाज. इंजिनात कुठलं ऑइल पडलं याची माणूस चौकशी करत नाही, पण ही बाटली निवडायला अर्धा तास घेतो. इंजिन पाहुण्यांना दिसत नाही ना!

दिलीपच्या मते या मालाच्या दोनच जाती. एक सिलिकॉनची. तेलकट, चकचकीत, स्ट्रॉबेरीचा नाहीतर मोगऱ्याचा वास मारणारी. दुसरी पाण्यातली, दुधासारखी पांढरी. तिला वास नाही, आणि लावल्यावर काही लावलंय असंही वाटत नाही.

"ह्यातली चांगली कंची?" गिऱ्हाईक विचारतं.

"दुसरी. प्लॅस्टिक टिकतं."

"मग पयली द्या!"

*

जुन्या गाड्यांचा एजंट नाना हा पहिल्या जातीचा मोठा भक्त. "गिऱ्हाईक बॉनेट उघडत न्हाई गड्या, दार उघडतं," हे त्याचं धंद्याचं सूत्र. गाडी आतून आरशासारखी करून ठेवायचा.

एकदा इस्लामपूरचं गिऱ्हाईक यायचं होतं. नानाने उत्साहाच्या भरात डॅशबोर्डबरोबर स्टिअरिंगही चोळलं, आणि बाटलीत उरलं म्हणून क्लच-ब्रेकच्या पेडलवरही ओतलं. गिऱ्हाईक चालवायला बसलं, नाना शेजारी. पुढे उसाची ट्रॉली उभी होती. ब्रेकवरून पाय सटकला, स्टिअरिंगवरून हात सटकला, आणि गाडी ट्रॉलीखाली बॉनेटभर आत गेली.

गिऱ्हाइकाच्या खांद्याचं हाड मोडलं. नाना कपाळाला टाके घेऊन दवाखान्यात त्याच्या कॉटशेजारी बसला. आम्हाला वाटलं, माफी मागतोय.

नाना म्हणत होता, "पर आतनं बगितली न्हवं? आतनं एक वरखडा न्हाई!"

*

पाटणकडचे एक गुरुजी होते. डॅशबोर्डवर पितळी गणपती. गुरुजींनी चकचकीत माल लावला आणि त्यावर गणपती तसाच ठेवला, चिकटवला नाही. देवाला चिकटपट्टी लावणं त्यांना बरं वाटेना.

घाटात पहिल्या वळणाला गणपती डावीकडे गेला, दुसऱ्या वळणाला उजवीकडे आला. तिसऱ्या वळणाला तो खाली पडणार, एवढ्यात गुरुजींनी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी त्याला धरलं.

देव वाचला. गाडी चरीत गेली आणि गुरुजींच्या मांडीत लोखंडी पट्टी बसली.

वर्षभराने काठी टेकत ते नव्या गाडीसाठी दुकानात आले. दिलीपने विचारलं, "गुरुजी, आता तरी देवाला पट्टी लावू का?"

"नको. एक पट्टी मला आहे, तेवढी पुरे. देवाला मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवतो."

*

आता सुभेदार. आष्ट्याजवळच्या एका वस्तीवर राहणारे, फौजेतून निवृत्त, ताठ. निवृत्तीनंतर त्यांनी वापरलेली पण चांगली गाडी घेतली आणि पहिल्या दिवशी डॅशबोर्डला काय लावलं असेल? बुटाचं काळं पॉलिश! ब्रशने, गोल गोल, फौजेत शिकवलं तसं.

"काळं हाय, त्येला काळंच लागतंय," हा त्यांचा युक्तिवाद. खोडायला तसा कठीणच.

त्या गाडीतून ते आणि काकी पुतणीच्या लग्नाला गेले. काकी म्हणजे त्यांच्या मंडळी. बारीक चणीच्या, तोंडाने तिखट. खड्डा आला की काकी डॅशबोर्डवर हात टेकायच्या. रस्ता आमच्याकडचा, त्यामुळे हात बहुतेक टेकलेलाच होता. मांडवात पोचल्या आणि मायेने नवरीच्या गालावरून हात फिरवला.

नवरीच्या हळदीच्या गालावर पाच काळी बोटं!

सगळा मांडव बघायला लागला. काकींनी आपल्या हाताकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बगताय काय? दिष्ट लागू न्हाई म्हनून लावलंय!"

लोकांना ते इतकं पटलं की नवऱ्याच्या आईने आपल्या मुलालाही पुढे केलं.

*

त्यानंतर दिलीपने सुभेदारांना रीतसर माल दिला. काळी बाटली, स्ट्रॉबेरी वासाची, चकचकीत. सुभेदार खूश. कुठेही निघायचं असलं की आदल्या संध्याकाळी फडकं आणि बाटली घेऊन गाडीत शिरायचे. "साहेबाम्होरं जाताना बूट चमकाय पायजे," म्हणायचे. त्यांच्या लेखी जगात प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या तपासणीला चाललेला असायचा.

मग काकींना कॅन्सर निघाला.

मिरजेला इंजेक्शनं सुरू झाली. ठरलेल्या मंगळवारी सकाळी निघायचं, दिवसभर सलाईन, संध्याकाळी परत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकही तारीख चुकवू नका, चुकली तर पहिलं केलेलं वाया जाईल. सुभेदारांना हुकूम समजतो. ते आदल्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट पॉलिश मारायला लागले.

काकी दोन-तीनदा गेल्या. नंतर ऐन मंगळवारी गाडीचं दार उघडलं आणि त्या उंबऱ्यातच बसल्या.

"मी न्हाई जात."

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

पुण्याहून मुलगा येऊन रागावला, मुलगी रडली. शेजारी येऊन देवाधर्माचं बोलून गेले. काकी कारण सांगेनात. एक तारीख हुकली. सुभेदार दुकानात येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले. इतका ताठ माणूस, पण बसला तो पोतं ठेवल्यासारखा.

"दिल्या, गाडीत काय कमी पडतंय का रं? सीट बदलू?" मग स्वतःच म्हणाले, "आजून एक बाटली दे. आज तीन हात मारतो."

दिलीपने दिली. आम्हाला तरी काय ठाऊक!

*

चार दिवसांनी काकी एकट्या दुकानात आल्या. डोक्याला घट्ट पदर, हातात भाजीची रिकामी पिशवी. बाजाराला म्हणून निघाल्या होत्या. दोन पावलं आत आल्या आणि नाकाला पदर लावून तिथेच थांबल्या.

"दिलीप, त्या काळ्या बाटलीत काय घालतोस रं तू?"

"का वं काकी?"

"त्या इंजेक्शनानं मला वास सोसंना झालाय. आन गाडी उनात तापली का ती बाटली अशी उठती, का मिरज येस्तोवर माजी आतडी बाहीर. इंजेक्शनाचं न्हाई भ्या वाटत मला. गाडीचं वाटतंय."

दिलीपचा चेहरा उतरला. "मग त्यास्नी सांगा की! आजच्या आज धुऊन देतो गाडी."

"सांगू?" काकी म्हणाल्या. "आपल्या हातानं बायकूला वकाय लावलं, ह्ये त्येंनी जलमभर उरावर घ्याचं? आदल्या दिशी दोन-दोन तास चोळत्यात. मी खिडकीतनं बगती. त्येंच्या हातात दुसरं हाय तरी काय?"

दिलीपने फळीवरच्या बाटल्या एकेक करून समोर ठेवल्या. काकींनी झाकण उघडून वास घेतला. अत्तराच्या दुकानात घेतात तसा, फक्त चेहरा उलटा.

"ह्यो लग्नाचा. नगं." दुसरी. "ह्यो दवाखान्याच्या संडासाचा. नगं." तिसरी हुंगताना त्यांना उमासा आला, बाहेर जाऊन आल्या, तोंड पुसलं आणि चौथी उघडली. ती पाण्यातली, दुधासारखी. बराच वेळ नाकाशी धरली.

"ह्येला कशाचाच वास न्हाई. ह्यो दे."

"काकी, ह्यो चमकत न्हाई."

"मी तरी कुटं चमकतीया? न्हेत्यातच न्हवं मला!"

मग त्यांनी बेत सांगितला. सुभेदार पुढची बाटली न्यायला आले की काळ्याच बाटलीत हा माल भरून द्यायचा. दिलीपने मान डोलावली.

"कवाच सांगायचं न्हाई. मी हाय तवर न्हाई, आन नसल्यावरबी न्हाई." मग माझ्याकडे वळल्या. "भाऊसाहेब, तुमीबी."

मी मान डोलावली. माहीत असून न सांगणं हा माझा जन्मभराचा पेशाच होता.

*

पुढच्या सोमवारी, पॉलिशचा थर साचलाय असं सांगून, दिलीपने गाडी आतून साबणाने धुऊन, दारं उघडी टाकून दिवसभर वाळवली आणि काळी बाटली नव्या मालाने भरून दिली. मंगळवारी काकी गाडीत बसल्या. तक्रार नाही. सांगलीच्या अलीकडे त्यांनी पेरू मागितला आणि खाल्ला! ही बातमी सुभेदारांनी दुकानात येऊन सांगितली ती बढती मिळाल्याच्या थाटात.

मग म्हणाले, "पर दिल्या, माल बदललाय. चमक न्हाई."

दिलीप सीटची शिवण उसवत होता, तो मान वर न करता म्हणाला, "कंपनीनं बदललाय. आता मिल्ट्रीतबी असलंच वापरत्यात म्हनं. चमकलं का दुश्मनाला गाडी दिसती."

सुभेदारांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "आसंल," म्हणाले.

त्यानंतर ते भेटेल त्याला गाडी उघडून दाखवायचे. "फौजी फिनिश हाय." नानाने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "सुभेदार, फसवलं की तुमाला! ह्येच्यात काय लावलंयच न्हाई."

"तुला कळत न्हाई," सुभेदार म्हणाले, आणि दार लावून घेतलं.

काकींनी उरलेली एकही तारीख चुकवली नाही. गोष्टीतली बाई असती तर बरी झाली असती. या बाईला शेवटच्या तारखेला डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही. "आता घरीच आराम करू द्या," म्हणाले. सुभेदारांनी गाडी सावकाश, खड्डे चुकवत घरी आणली. काकी उन्हाळा संपायच्या आत गेल्या.

*

दहाव्याला आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, सगळे मागे सरकलो. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले. शेजारी दुसऱ्या कुणाचं दहावं होतं, त्यांच्या पिंडाला कावळा लगेच शिवला आणि ती मंडळी घरीही गेली. आमच्याकडे एकही उतरेना.

भटजींनी उन्हाकडे पाहिलं. "काही इच्छा राहिली असेल. बोला एकेक."

मुलगा पुढे झाला. "आई, बाबांना मी पुण्याला नेईन." कावळे ढिम्म. खरं म्हणजे ही इच्छा कुणाचीच नव्हती.

मुलगी म्हणाली, "आई, तुझी तुळस मी सांभाळीन." काही नाही.

नाना पुढे सरसावला. "वैनी, तुमची गाडी मी कुणाला इकू देनार न्हाई!" जवळचा एक कावळा उठून लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

ऊन चढलं. मंडळी सुभेदारांकडे बघायला लागली. ते नदीकडे तोंड करून सावधानमध्ये उभे होते, ते वळले नाहीत. दर्भाचा कावळा करून शिवायची गोष्ट निघाली, तेव्हा माझ्या शेजारून दिलीप एकदम पुढे गेला. घामाने निथळत होता. हात जोडून, पिंडाकडे बघत, मोठ्याने म्हणाला,

"काकी, त्या बाटलीचं मी कवाच सांगनार न्हाई!"

मुलाने विचारलं, "कसली बाटली?" फौजी माणसाच्या घरचं कार्य, बाटली म्हटल्यावर लोकांनी जे समजायचं ते समजलं, आणि दोघांतिघांनी सुभेदारांकडे कीव करून पाहिलं.

कावळे तसेच.

दिलीपने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

तेवढ्यात सुभेदार बोलले. नदीकडचं तोंड न वळवता, हजेरी द्यावी तशा आवाजात.

"आन मी कवाच इचारनार न्हाई."

बाभळीवरून कावळा उतरला.