अकराच्या सुमाराची फोडणी

हंसाकाकूच्या हातचा डबा मी सहा वर्षं खाल्ला. तेव्हा मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि सालवडला चाळीत भाड्याने राहत होतो. माझ्या खोलीला लागून हंसा तामोरेची खोली. नवरा पुंडलिक बॉयलरवर कामाला, मुलगा निमेश शाळेत. हंसाकाकू मूळची किनाऱ्यावरची, मच्छीमाराची लेक. लग्नानंतर काही वर्षं तिने बोईसरच्या बाजारात सुकट-बोंबील विकले, मग डबे सुरू केले. रोज चाळीस डबे. उत्तरेकडून आलेले कामगार तिला ‘मौसी’ म्हणायचे आणि तिच्या हातची तुरीची आमटी गावाला जाऊनही आठवायचे.

स्वयंपाकघर म्हणजे खोलीचा पडदा लावलेला एक कोपरा. पुंडलिककाका आंघोळीला उठले की तिला कणकेची परात उचलून दारात यावं लागे. समोर मोरी, मोरीमागे भिंत, आणि वारा पूर्वेचा असला की कारखान्यांचा आंबूस वास थेट भातात. तिला काय हवं होतं ते सगळ्या चाळीला पाठ होतं.

“बसून वाटायला जागा, उभं राहून रांधायला ओटा, आणि ओट्यासमोर खिडकी. खिडकीतून झाड दिसलं पायजे. भिंत नाय.”

निमेश शिकून पुण्याला नोकरीला लागला. पुंडलिककाका निवृत्त झाले त्या वर्षी दोघांनी घर शोधायला घेतलं. तोवर माझी बदली झाली होती, पण फोन चालू होते. एका जानेवारीत काकूचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं निमेशचं लग्न ठरलं.

“घर मिळालं रे! सफाळ्याहून एडवणच्या रस्त्याला. पाठी वाडी हाय. चिकूची अकरा झाडं, नारळ, केळी, जामाचं एक. पुढे अबोली, मोगरा. आणि स्वयंपाकघर… तू ये. फोनवर नाय सांगता यायचं.”

मी गेलो. खरंच, असं स्वयंपाकघर मी त्या भागात पाहिलं नव्हतं. आमच्या सालवडच्या दोन खोल्या त्यात मावल्या असत्या. एका अंगाला मातीची चूल, दुसऱ्या अंगाला काळ्या दगडाचा लांब ओटा. ओट्यासमोर बसकी, गजांची रुंद खिडकी, आणि खिडकीला जवळजवळ टेकलेलं चिकूचं झाड. वाटायचा पाटा जमिनीत बसवलेला. मागचं दार थेट वाडीत उघडायचं. कुणीतरी वर्षानुवर्षं इथे रांधून रांधून ही जागा आपल्या अंगाच्या मापाची करून घेतली होती, हे कुणालाही कळलं असतं.

घर विकणारा धर्मेश राऊत विरारला राहायचा. कागद त्याच्याच नावावर होते. काकूने सहज विचारलं होतं, “एवढी वाडी कोणी लावली?”

“आईने. सगळं आईचंच,” तो म्हणाला होता. मग खिडकीकडे बघत, “आता आई नाही इथे.”

काकूने चुलीला हात जोडले. पुढे काही विचारलं नाही. आईविना मुलाला काय विचारायचं?

राहायला आल्यावर आठवडाभर काकू नुसती फिरत होती. हंडा इथे ठेव, तिथे ठेव. मिठाची बरणी तिने उजव्या हाताला, शेगडीशेजारी ठेवली.

आठव्या-नवव्या दिवशी सकाळी ती वाडीत केळीची वाळकी पानं काढत होती. घरात कुणी नव्हतं, पुंडलिककाका सफाळ्याला गेलेले. अकरा वाजले असतील. स्वयंपाकघरातून लसणीच्या फोडणीचा वास आला.

ती कोयता टाकून धावली, गॅस चालू राहिला असं वाटून. गॅस बंद. शेगडी थंड. कढई पालथी. वास मात्र खोलीत भरलेला, आणि नुसता वास नव्हे. रोज चाळीस डबे करणाऱ्या बाईचं नाक ते. तिने मला सांगितलं, “लसूण करपायला क्षणभर बाकी हाय, असा वास. कुणीतरी आता पाणी टाकलं नाय तर जळणार. मी उभी. हातात काय नाय. कशात टाकू पाणी?”

वास हळूहळू विरला. मग तिचं लक्ष गेलं. मिठाची बरणी खिडकीत होती.

तिने ती उचलून जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी अकराला वास आला आणि बरणी पुन्हा खिडकीत, डाव्या कोपऱ्यात. पुढे तर आठवड्यातून चार-पाच वेळा. लख्ख उजेडात, बाहेर पोपट ओरडत असताना, रस्त्यावरून टेम्पो जात असताना. भीती वाटायला अंधार लागतो अशी तिची समजूत होती. ती समजूत गेली.

पुंडलिककाकांना वास येत नव्हता. “चाळीस वर्षं बॉयलरचा धूर घेतला मी. माझं नाक गेलंय,” ते म्हणायचे, आणि लगेच, “बरणी तूच ठेवत असशील. सवय जुन्या घराची.”

“जुन्या घरात खिडकी होती का?” काकू म्हणाली.

तिने उंबऱ्यावर नारळ फोडला. अमावास्येला दहीभाताचा नैवेद्य चिकूखाली ठेवला. हात जोडून मोठ्याने म्हणाली, “बाई, तुझं घर मी नीट ठेवीन. तू आता सुखाने जा.” त्या दिवशी वास नेहमीपेक्षा लवकर आला.

वाडीत मदतीला शेजारच्या पाड्यावरची ठमी यायची. साठीची वारली बाई, कमी बोलणारी. नैवेद्याचं पान पाहून तिने विचारलं, “यो कोणाला ठेवला?”

“हिथल्या म्हातारीला. धर्मेशच्या आईला. कधी वारली गं ती?”

ठमीने हातातलं खुरपं खाली ठेवलं. “साखरबाय? वारली कोण बोलला? ती जिती हाय. इरारला, पोराच्या घरी.”

काकू केळीच्या आळ्याच्या कडेवर बसली. मेलेल्या माणसाला नारळ देता येतो. जिवंत माणसाला काय द्यायचं?

मग ठमीने सगळं सांगितलं. साखरबाई या घरात लग्न होऊन आली, वाडी तिने आणि ठमीने मिळून लावली. नवरा गेल्यावर दहा वर्षं एकटी राहिली. घर सोडणार नाही म्हणायची. गेल्या आश्विनात एक दिवस धर्मेश गाडी घेऊन आला. म्हणाला, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, दोन दिवसांत परत आणतो. म्हातारी फोडणी करत होती. त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, चल, उशीर होतोय.

“कढई तशीच ऱ्हायली,” ठमी म्हणाली. “मीच घासली मंग.”

दुसऱ्या दिवशी काकूने पिशवीभर चिकू घेतले आणि विरार गाठलं. इमारतीचा सातवा मजला. दार धर्मेशच्या बायकोने, हेमालीने उघडलं. तिला आधी वाटलं घराच्या व्यवहाराचं काही निघालं.

“नाय गं. म्हातारीला वाडीचे चिकू द्यायला आले.”

साखरबाई बाल्कनीत खुर्चीवर बसली होती. बारीक, गोरी, डोळ्यांवर जाड चष्मा. हेमाली हळूच म्हणाली, “आईंना आता नीटसं कळत नाही. सकाळी अशाच बसतात. हात बघा.”

काकूने हात पाहिले. उजवा हात हवेत गोल फिरत होता, सावकाश, मनगटातून. डावा हात बाजूला जाऊन काहीतरी उचलत होता, बोटांनी चिमूट सोडत होता आणि परत ठेवत होता. डाव्या बाजूला. थोडं उंचावर. जिथे एखाद्या घरात खिडकी असावी तिथे.

काकूने भिंतीवरचं घड्याळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

हात थांबले तेव्हा ती पुढे जाऊन बसली. चिकू मांडीवर ठेवले. साखरबाईने एक उचलून नाकाशी धरला आणि हसली. “खिडकीकडच्या झाडाचा,” ती म्हणाली. मग काकूकडे नीट बघितलं, चष्मा सावरून, पुन्हा बघितलं. हसू गेलं.

“तूच ती.”

“कोण, आजी?”

“माझ्या स्वयंपाकघरात फिरतेस ती. रोज दिसतेस. मीठ उचलून भलतीकडे ठेवतेस. मी सुनेला किती वेळा सांगितलं, घरात एक बाई येते म्हणून.” मग पुढे वाकून, आवाज खाली आणून, अगदी दया आल्यासारखं तिने विचारलं, “तू कधी गेलीस गं? पोरंबाळं हायत का मागे?”

हेमाली ओशाळून म्हणाली, “मनावर घेऊ नका.” काकूने मान हलवली. परत येताना सफाळ्याला उतरून ती फलाटावरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. तिला तिची स्वतःची आई आठवत होती. त्यांचं जुनं गाव प्रकल्पात गेलं आणि सगळे नव्या वसाहतीत आले, तेव्हा काकू बारा-तेरा वर्षांची. नव्या घरात आई भात रांधता रांधता मध्येच म्हणायची, “पश्चिमेचं दार लोटा, वारं शिरतंय.” त्या घराला पश्चिमेला दारच नव्हतं. सगळे हसायचे. काकूही हसायची. आईचं जुनं घर तर पाडून सपाट केलेलं. मग आई कुठलं दार लोटायला जात होती?

महिनाभर तिने फोन करून करून धर्मेशला पटवलं. एका रविवारी तो आईला गाडीतून घेऊन आला. मीही मुद्दाम गेलो होतो. काकूने ओटा घासून ठेवलेला, लसूण सोलून ठेवलेला, कढई पुसलेली. मिठाची बरणी तिने स्वतःच्या हाताने खिडकीत नेऊन ठेवली होती. म्हातारीला एकदा ती राहिलेली फोडणी पुरी करू द्यावी, एवढंच तिच्या मनात होतं.

साखरबाई घरात शिरलीच नाही. गाडीतून उतरली ती अंगणातून वळसा घालून थेट वाडीत गेली. ठमी तिथे होती. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या आणि मग झाडांमधून चालू लागल्या. याला कीड लागली होती, हे वादळात पडलं नाही, जामाला यंदा फुलं कमी. ठमी एवढी बोलते हे काकूने पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी खुर्ची मागितली गेली, चिकूखाली टाकली गेली, आणि म्हातारीचा डोळा लागला.

काकू आत आली. मी तिच्यामागे. सोललेला लसूण ताटलीत तसाच होता. मागच्या दारातून साखरबाई दिसत होती. मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडं. हात मात्र जागे होते. उजवा फिरत होता.

“आला,” काकू म्हणाली.

मला तो वास आला की नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. सोललेला लसूण समोर होता, मला सगळं आधीच माहीत होतं. पण धर्मेशला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. तो पाण्याचा तांब्या ठेवायला आत आला आणि ओट्याशी पोचायच्या आत थबकला. रिकाम्या शेगडीकडे बघत, घरात रोज म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाला, “आई, गॅस बारीक कर.”

मग त्याला कळलं आपण काय बोललो. तांब्या ओट्यावर ठेवताना वाजला. तो आमच्याकडे न बघता बाहेर गेला, आईच्या खुर्चीशी उकिडवा बसला आणि तिचा फिरता हात त्याने दोन्ही हातांत धरला. हात थांबला नाही. त्याच्या हातांसकट फिरत राहिला.

जाताना तो काकूला म्हणाला, “डॉक्टरची वेळ घेतलीच नव्हती मी.”

“माहीत हाय,” काकू म्हणाली. “आणत जा तिला.”

त्याने आणलं. महिन्यातून एकदा, न चुकता, पुढच्या भाद्रपदापर्यंत. साखरबाई एकदाही स्वयंपाकघरात आली नाही, वाडीतच बसायची. काकूकडे मात्र प्रेमाने बघायची आणि दर वेळी ठमीला हळूच विचारायची, “हिला अजून सुटका नाय का गं?” भाद्रपदात विरारलाच झोपेत गेली.

वास अजून येतो. पूर्वीइतका नाही, पण येतो. काकू दहाच्या आत रांधून घेते आणि अकरा ते बारा स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. वाडीत काम काढते. मी विचारलं, घाबरतेस का? म्हणाली, “दोघींनी एका वेळेला एका ओट्याशी उभं राहायचं म्हंजे भांडण. एवढंच.” पण बोलताना तिने मागच्या दारातून चिकूखाली बघितलं.

गेल्या महिन्यात पुंडलिककाकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. निमेश आला होता. जाताना म्हणाला, “आई, तुमी दोघं आता पुण्यालाच चला. एवढी वाडी कशाला सांभाळता?” तो पुण्याला पोचल्यावर काकूने त्याला फोन केला. मी तिथेच बसलो होतो.

“निमेश, ऐक. मला न्यायची वेळ आली तर ने. मी नाय बोलणार नाय. पण डॉक्टरचं नाव सांगून नेऊ नको. दोन दिवसांत परत आणतो, असं बोलू नको. घर विकायचंय, तर तोंडावर सांग. मी रडेन, भांडेन, चार दिवस जेवणार नाय. मंग माझ्या पायाने निघेन.”

निमेश पलीकडून हसला. “काय गं आई, एवढं गंभीर?”

काकू फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. शेवटी निमेशच म्हणाला, “बरं. सांगेन.”

“शप्पथ घे,” ती म्हणाली.