डबा हलवल्याशिवाय नाही

इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं इस्त्री फिरवणाऱ्या त्या बाईला सगळे इस्त्रीबाईच म्हणत. ठेंगणी बाई, आवाज मात्र दोन मजले चढणारा. दुकानात ‘शंभरात तीन साबण’ अशी पाटी दिसली की ती जागच्या जागी भागाकार करी. "सुटा बत्तीसला आहे. तीन घेतले तर तेहेतीसच्या वर पडतो. स्वस्ताई कुणाची हो, तुमची?" हे सगळ्या गिऱ्हाइकांदेखत. ती येताना दिसली की दुकानदार पाटीच उलटी करून ठेवी.

अशा बाईनं दहावीच्या गणितात दोनदा नापास व्हावं! बापानं ऐन परीक्षेच्या महिन्यात तिला शाळेतून काढलं होतं, ते इतकी वर्षं घशात अडकून बसलेलं. बावन्नाव्या वर्षी बाकीचे विषय सुटले, गणित तेवढं उरलं. मागच्या खेपेला दोन मार्कांनी गेलं. आता ही तिसरी आणि शेवटची संधी. हुकली तर सगळे विषय पहिल्यापासून. आणि पेपर येत्या रविवारी.

धुलाईखान्यात रविवारी एकीला यावंच लागे. कुणी, ते गेल्या महिन्यापासून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत चिठ्ठी काढून ठरे. कोटांची तुटकी बटणं ठेवायचा एक उभट, अरुंद डबा होता. त्यात आठजणींच्या आठ चिठ्ठ्या. सुपरवायझर दोन बोटं घालून एक काढी, वाचून पुन्हा आत टाकी. गेले चार शुक्रवार इस्त्रीबाईचंच नाव निघत होतं.

"नशीब गं तुझं," चादरी वाळत घालणारी वाळवणीवाली म्हणाली. दोघी वीस वर्षांच्या मैत्रिणी, म्हणून टोमणेही तितकेच. "आणि पास होऊन काय प्रिन्सिपॉल होणारेस?"

"तुला छडीनं मारता येईल, एवढं झालं तरी पुरे."

घरी इस्त्रीबाईनं सुनेपुढे कागद टाकला. आठ गुणिले आठ, पुन्हा आठ, पुन्हा आठ. तिचंच नाव ओळीनं चारदा यायची शक्यता चार हजार शहाण्णवांत एक.

"आई, तो माणूस लबाड आहे," सून म्हणाली. शाळेत शिकवते ती, लवकर निकाल देते.

"लबाड नाही गं. घरून आणलेली टाचणीसुद्धा रजिस्टरात लिहितो तो. दुसरंच काहीतरी आहे."

शुक्रवारी ती डब्याशेजारीच उभी राहिली. सुपरवायझरनं बोटं घातली, आणि तिला उलगडलं. हा बाबा डबा कधी हलवतच नव्हता! गेल्या आठवड्याची चिठ्ठी सगळ्यात वर टाकायची, आणि या आठवड्यात वरचीच उचलायची.

"थांबा साहेब. डबा हलवल्याशिवाय नाही."

"म्हणजे मी फसवतो?" त्याचे कान लाल झाले.

"फसवत नाही, ढवळत नाही! शक्यता अशी वरच्यावर तरंगत नसते."

त्यानं चिडून डबा असा खुळखुळवला की तळाची बटणंही खडखडली. तोंड फिरवून चिठ्ठी काढली, उघडली. इस्त्रीबाई.

हास्याचा स्फोट झाला. वाळवणीवाली तर टोपलीवर बसली हसत.

"झालं समाधान?" सुपरवायझर म्हणाला.

इस्त्रीबाईनं चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली. "आठात एक होती, आली. त्यात तुमचा दोष नाही. पण माझे रविवार चार झाले, या सातजणींचे शून्य. कुणाचेही रविवार दुसरीपेक्षा एकाहून जास्तीनं वाढू नयेत, एवढी साधी गणितातली असमानता लिहा रजिस्टरात. ती खरी होईपर्यंत ही चिठ्ठी माझ्या खिशात."

"टाका ती आत."

"नाही टाकत. पगार कापा, मेमो द्या. मी रविवारी पेपरला जाणार."

सुपरवायझरनं रजिस्टर उघडलं, चार रविवारांपुढची चारही नावं बोटानं वाचली. मग पुन्हा डबा हलवला. या वेळी नीट, न चिडता. सातांतली चिठ्ठी निघाली वाळवणीवालीची.

"मेले!" ती टोपलीवरून उठली. "आता नापास होऊन ये, म्हणजे तंगडंच मोडते तुझं."

रविवारी चौथा प्रश्न होता: एका डब्यात आठ चिठ्ठ्या आहेत, त्यांतून एक यादृच्छिक पद्धतीने काढली. इस्त्रीबाईनं पेन उचललं, आणि उत्तराच्या आधी, कुणी मागितलेली नसताना, एक ओळ ठसठशीत लिहिली: ‘डबा हलवला आहे असे धरून.’