हवापालटासाठी शोधलेली देवी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिच्यापासून काही लपवणं किती कठीण आहे, ते माझं मला ठाऊक. हसाल तुम्ही. हसा. निम्मी गोष्ट हसण्यासारखीच आहे. उरलेल्या निम्मीचं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

मी बेळगावात हायस्कुलात भूगोल शिकवत असे. जगातली शहरं तोंडपाठ, आणि डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात लांबचं शहर कोल्हापूर! मधल्या सुट्टीत आम्ही मास्तर लोक परदेशच्या सहली ठरवायचो. ड्रॉइंग मास्तरांना रोम हवं होतं. संस्कृतच्या मास्तरांना—सोवळं सांभाळून—लंडन. मला एखादं जुनं, निवांत शहर हवं होतं. कौलारू घरं, सज्जे, अरुंद गल्ल्या, संध्याकाळी बागेत बँड, नदीकाठी बाक, आणि त्या बाकावर मी—काहीही न करणारा. लिस्बन जवळजवळ पक्कं झालं होतं. पण बोटीत किती दिवस काढायचे? अंगात सूट, आणि जेवायला काय? मग एकदा वर्गात नकाशा टांगताना डोक्यात लख्ख उजेड पडला. लोंढ्याला गाडी बदलली की पुढं फिरंग्यांचंच राज्य! पणजी! अस्सल परदेश, आणि ताटात माशाची आमटी-भात.

अडचण एकच—घर. आमच्याकडं माणूस प्रवासाला निघायचा तो लग्नाला, मयताला, नाहीतर देवाला. नुसतं बसायला जायचं? तेही परमुलखात? घरात शब्द चालायचा काकीचा. माझे थोरले चुलते लग्नानंतर वर्षाच्या आतच गेले. काकी माहेरी परतली नाही. माझी आई वारल्यावर तिनंच मला वाढवलं.

आणि इथं एक गोष्ट सांगायलाच हवी—आमची कुलदेवी हरवली होती. म्हणजे, आजोबा कुठल्याशा गावाहून बेळगावात आले, आणि मुलं लहान असतानाच पटकीत गेले. देवीचं गाव कुठलं, ते मागं कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हैस आटली की काकी म्हणायची, "देवीला इसरलोय आपण." आम्ही हसण्यावारी न्यायचो. पण तिचं दुखणं वेगळं होतं. नव्या नवरीला कुलदेवीपुढं नेऊन ओटी भरतात. तिला कुठं नेणार? "माजी वटी भरली न्हाय, म्हणून मालक गेलं," असं ती अगदी शांतपणे सांगायची. मरणाआधी एकदा देवीच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागायची—एवढंच तिला हवं होतं.

आणि मी काय केलं? एका संध्याकाळी घरी येऊन म्हणालो, "काकी, देवी घावली!"

गुंजी स्टेशनात मला म्हणे एक म्हातारा गुरव भेटला. आडनाव ऐकताच त्यानं म्हणे हात जोडले. तुमची देवी पणजीच्या पलीकडं, नदीपार, माडांच्या बनात. असा गुरव नव्हता. त्या दिवशी मी गुंजीला गेलोसुद्धा नव्हतो.

"व्हय रं बाळू? खरंच?"

"व्हय," मी म्हणालो. किती सोपं गेलं!

माझा बेत होता की काकी देवळात आणि आम्ही नवराबायको बागेत. निघाला सगळा गोतावळा. चुलत्या, जावई, तान्ही पोरं, वर नारळांचं पोतं—गोव्याला नारळ घेऊन निघालेली माणसं तुम्ही कधी पाहिलीत? सरहद्दीच्या नाक्यावर फिरंगी शिपायानं भाकरीच्या गाठोड्यात हात घातला, तेव्हा काकीनं त्याला असा झापला की पुढचं सामान त्यानं तपासलंच नाही. पणजी मात्र अगदी मनातल्यासारखी निघाली. सज्जे होते, बँड होता, बाकही होता. बाकावर आमच्या मंडळींनी लंगोट वाळत घातले.

मग देऊळ! मला एकही ठाऊक नव्हतं. होडीतून उतरल्यावर जे पहिलं दिसलं, त्याच्याकडं बोट केलं. पुजाऱ्याला विचारलं, बेळगावची माणसं येतात का? येतात की, तो म्हणाला. न यायला काय झालं? काकी उंबऱ्याशी थबकली. मग आत गेली, देवीपुढं बसली, आणि—तोवर मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. "लई उशीर झाला गं आई. चुकलं माजं," एवढंच म्हणत राहिली. घरच्या सुनांच्या ओट्या तिनं लांब उभं राहून भरून घेतल्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण परतताना ती होडीत गुणगुणत होती हो! मग दर मे महिन्यात पणजी. काकी देवळात, मी बाकावर. मला शहर मिळालं, तिला देवी मिळाली—कुणाचं काय बिघडलं? "माज्या बाळूनं देवी हुडकली," ती गल्लीभर सांगायची, आणि मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटे.

इथवरचं तुम्ही कदाचित पोटात घालाल. पण मी अजून मुद्द्याला आलेलोच नाही.

एका मे महिन्यात, आमची निघायची तयारी चालू असताना, सदलग्याहून एक म्हातारे गृहस्थ घर शोधत आले. आमच्याच भावकीतले, नातवाच्या लग्नाचं बोलावणं घेऊन. सोप्यात बसले, पाणी प्यायले, आणि सहज म्हणाले, "देवीकडं तुमचं कुणीच कसं येत न्हाय? तुमचा आज्जा गेल्यापास्नं तुमच्या वाटणीचा दिवा आमीच लावतोय." आजोबांचं नाव त्यांनी बरोबर सांगितलं. गावाबाहेर मळ्यात लहानसं देऊळ. सकाळी बेळगाव सोडलं तर दिवेलागणीला पोचावं.

आत काकी प्रवासासाठी चटणी कुटत होती. तिला हाक मारायची, एवढंच काम होतं.

मी म्हणालो, "काकीला बरं न्हाय. झोपलीया."

मुसळ चालूच होतं. म्हाताऱ्यानं आतल्या दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अक्षता ठेवल्या आणि गेले.

मी कशाला भ्यालो? तिच्या रागाला? तिच्या रडण्याला? असं असतं तर बरं झालं असतं. त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच—सदलग्याला बँड नाही.

आम्ही पणजीला गेलो. काकीची ती शेवटची खेप ठरली. दिवाळीच्या आधी ती गेली. जाताना माझा हात धरून म्हणाली, "आता देवीपुढं तोंड दावायला भ्या न्हाय." मी तिचा हात थोपटला.

सदलग्याची माणसं आमच्या वाटणीचा दिवा अजून लावत असतील. मी बघायला गेलेलो नाही.